तळहाताखालचं नाव

तो किरिस्ताव होता, मिशनच्या दवाखान्यातला. दर बुधवारी पौडहून चालत आमच्या माले गावात यायचा आणि माझ्या आईच्या पायाची जखम धुवायचा. गाव त्याची जुनी जात विसरलं नव्हतं. जखमेला त्याचा हात चालायचा, पाण्याला नाही.

एका दुपारी विहिरीपाशी त्याला भोवळ आली. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून मी पाणी काढून माझा तांब्या त्याच्या हातात दिला. तेवढ्यात माणसं आली. मी मागं सरून त्यांच्यातच उभा राहिलो.

"किरिस्ताव झाला म्हनून जात जाती व्हय? कुनाचा तांब्या ह्यो?"

तांब्यावर माझं नाव कोरलेलं होतं. त्यानं तळहात नेमका त्यावर घट्ट दाबून धरला.

"हात काढ! नाव बगू दे!"

काठी उगारली गेली, तरी त्यानं हात काढला नाही. आणि त्यानं शिवलेला तांब्या हिसकावून घ्यायला कुणी पुढं होईना.

शेवटी त्याला तांब्यासकट हाकललं. माझ्याजवळून जाताना तो हळूच म्हणाला, "दादा, स्वर्गात भेटलो तर ओळख दाखवाल ना?"

पुढच्या बुधवारी आई पाय पुढं करून त्याची वाट बघत बसली.

"तांब्या कुटं हाय रं?" तिनं विचारलं.

"हरवला," मी म्हणालो.