घोंगडीवाल्याचं आडनाव

घोंगडीवाला टीव्हीमुळे संपला, असं हिंगोलीत अजून सांगतात. केबल आली, पोरं परदेशी कार्टूनं बघायला लागली आणि आपला गावठी हिरो मागे पडला, असं म्हणून लोक मान हलवतात, वर मलाच धीर देतात. माझं डोकं फिरतं. आमच्याकडे घरोघरी केबल पोचली तेव्हा तो केव्हाच गेला होता. त्याला आमच्याच माणसांनी मारलं, आणि तेही लाडाने, हळदीकुंकू लावून.

तेव्हा जिल्हा परभणी होता आणि मी हिंगोलीत दाजींच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या छापखान्यात कामाला होतो. छापखाना कसला, लग्नपत्रिकांचा कारखाना. तुळशीचं लग्न लागलं की जे यंत्र धडधडायला लागायचं ते आषाढापर्यंत थांबायचं नाही. पत्रिकेवरचे गणपती, कलश, सनईवाले काढायचं काम माझं. तेच ते कलश काढून माझा जीव विटला होता. पण आषाढी एकादशी झाली की लग्नं बंद, यंत्र गार, आणि कोपऱ्यात उरलेल्या पिवळ्या-गुलाबी कागदाची थप्पी. त्या रिकाम्या महिन्यांत, त्या उरलेल्या कागदावर मी घोंगडीवाला काढला, चित्रांच्या गोष्टीतला हिरो.

खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी, पायात करकरती वहाण. घोंगडी अंगाभोवती फिरवली की तो उडायचा, पसरून धरली की गारपीट अडवायचा. पहिल्याच अंकात त्याने कयाधू नदीच्या पुरात अडकलेली एसटी प्रवाशांसकट उचलून रस्त्यावर ठेवली. दुसऱ्या अंकात काट्यात पाप करणाऱ्या अडत्याला त्याच्याच काट्याला टांगलं. बाजारात तो अंक हातोहात गेला, कारण प्रत्येकाच्या डोळ्यासमोर आपापला अडत्या होता.

दाजींनी एकच अट घातली होती. वर गणपतीचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, पाहिजे. त्याशिवाय त्यांच्या यंत्रातून काहीच निघत नसे. म्हणून घोंगडीवाल्याच्या प्रत्येक अंकावर लग्नपत्रिकेचा गणपती असायचा. आखाडा बाळापूरच्या बाजारात अंक विकायला ठेवायचे ते बांगड्यांच्या दुकानातले चाचा. त्यांची पोरं गणपतीखालचा हिरो मांडीवर घेऊन वाचायची. कोणाला काही वाटत नव्हतं. चातुर्मासातच अंक निघतो म्हणून लोक चेष्टा करायचे, देव झोपले की ह्यो उठतो. सेनगावच्या जिपांच्या काचेवर त्याची चित्रं चिकटवलेली असत. मी टपावर बसून जाताना खाली माझा हिरो पुढे रस्ता बघतोय, याचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू. दुसरं काही मी आयुष्यात उभं केलेलं नव्हतं.

त्याला नाव असं नव्हतंच, मग आडनाव कुठलं? मेंढरंवाले म्हणत आमच्यातला, घोंगडी बघा की. चाचा म्हणत, डोक्याला रुमाल कसा बांधतो बघा, आमच्या मोहल्ल्यातला दिसतो. मी कोणाला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. गंमत वाटायची.

मग लोकांना त्याच्या लग्नाची काळजी लागली. आमच्याकडे धडधाकट पोरगं बिनलग्नाचं हिंडताना कोणाला बघवत नाही, मग ते कागदावरचं का असेना. बाजारात बाया विचारायच्या, "आवं, तेचं लगीन कधी करता? म्हातारं झाल्यावर?" दाजींनी हे मनावर घेतलं. यंदाचा पहिला अंक लग्नाचा काढू म्हणाले. मी हसलो, कबूल झालो. उडून जाऊन मांडवातली आग विझवणारा नवरदेव काढायला मजा येणार होती. मुलगी फक्त पाठमोरी दाखवायची, असं मी ठरवलं होतं.

चित्रांचे ब्लॉक करून आणायला मी नांदेडला गेलो. एका दिवसाचं काम आठवडाभर लांबलं. परत आलो तर बसस्टँडवरच एकाने पाठीवर थाप मारली आणि घोंगडीवाल्यापुढे एक आडनाव लावून म्हणाला, बोहल्यावर चढवला म्हणा! ते आडनाव दाजींचं होतं.

जाहिरात म्हणून दाजींनी घोंगडीवाल्याच्या लग्नाची पत्रिका छापली होती. कनेरगाव नाक्यापासून बाळापूरपर्यंत वाटलीही होती. वर गणपती, खाली आमचे येथे श्रीकृपेकरून, आणि वराच्या जागी घोंगडीवाला, पुढे दाजींच्या घराचं आडनाव. वधूच्या जागी त्यांच्या सोयऱ्यांचं. कागदावरच्या पोराला कागदावरची पोरगी द्यायची, तर तीसुद्धा जातीतलीच बघून दिली होती!

"दाजी, हे काय करून ठेवलं?" मी ओरडलो.

ते शांतपणे यंत्राला तेल देत होते. "पाव्हणं, काहून तापून राहिले? इतकी वर्सं पत्रिका छापतो मी. आडनावाबिगर पत्रिका म्हंजे अनाथाचं लगीन. आपल्या घरात वाढला, आपलंच पोरगं हाय की."

ते खोटं बोलत नव्हते, हेच मला जास्त लागलं. त्यांना खरंच वाटत होतं की बेवारशाला त्यांनी घर दिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बहीण चहा घेऊन दारात उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला त्या घरात नांदायचं होतं. मी चहा प्यालो.

पुढचं सगळं फार झटपट झालं. आमच्या जातीतली चार टाळकी हार घेऊन छापखान्यात आली. आता ह्याच्या हातात आपला झेंडा द्या म्हणाली. दाजी खूश. इकडे जिपांच्या काचेवरची चित्रं एकेक करून खरवडली गेली. कोणी भांडायला आलं नाही, कोणी शिवी दिली नाही. आपल्याकडे अशा गोष्टी आवाज न करता होतात. बाळापूरला गेलो तर चाचांनी गठ्ठा सुतळीने बांधून ठेवला होता. "बेटा, ये अब तुमारे घर का हो गया," ते म्हणाले. "मेरे गिऱ्हाईक पूछते, चाचा तुम काहे को बेचते?" त्यांच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

लग्नाचा अंक पडून राहिला. ज्यांच्यासाठी आडनाव लावलं त्यांनीही तो घेतला नाही. त्यांना हार घालायचा होता, वाचायचं कुठे होतं?

पुढच्या चातुर्मासात मी दाजींशी हुज्जत घालून आणखी एक अंक काढला. पहिल्याच पानावर त्याच्या तोंडी घातलं की ती पत्रिका खोटी, माझं घर नाही, गोत नाही, मी कोणाचा सोयरा नाही. माझ्या हातून एवढी चांगली चित्रं आधी कधी उतरली नव्हती. चाचांना गळ घातली आणि त्यांच्या दुकानापुढे पोतं अंथरून मी स्वतः अंक मांडून बसलो. जुनं माणूस एक जरी परत आलं तरी तो जगेल, असं मनाशी धरलं होतं.

दुपार कलली तेव्हा एक मेंढरंवाले मामा आले. त्यांना वाचता येत नसे, पण आधीचे सगळे अंक त्यांनी नेलेले होते. लेकीकडून वाचून घेत. ते उकिडवे बसले, हात धोतराला पुसून त्यांनी अंक उचलला. सावकाश पानं उलटली. एका चित्रावर थांबून हसलेसुद्धा.

"झ्याक काढला," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारलं, "पर आता ह्यो कोनाचा हाय?"

"कोणाचाच नाही, मामा. पहिल्यापासून नव्हता. हे बघा, इथं लिहिलंय."

त्यांनी मी बोट ठेवलेल्या ओळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा कीव आल्यासारखं.

"कोनाचाच न्हाई?" ते म्हणाले. "मंग आमी घ्यावा काहून?"

अंक त्यांनी होता तिथे नीट ठेवला. वारा सुटला होता, म्हणून बाजूचा एक दगड उचलून त्याच्यावर ठेवला आणि ते बकऱ्यांच्या बाजाराकडे निघून गेले.