माझे पाढे परदेशी गेले

नात कॉलेजात होती तेव्हा एका उन्हाळ्यात परदेशातल्या शाळेत फुकट शिकवायला निघाली. परदेश म्हणजे नेपाळ. आमच्या चारबाग स्टेशनातून गाडी, पुढे बस, की आला परदेश. तरी सूनबाई हजरतगंजच्या बाजारातून नवी बॅग घेऊन आल्या. मी म्हटलं, "घरात दुसरीत शाळा सोडलेला म्हातारा बसलाय, त्याला शिकव की."

"आजोबा, आप सीखते कहाँ हैं?" इकडे उत्तरेतच वाढलेली, ती माझ्याशी हिंदीतच बोलायची. मीही हट्टाने मराठीतच.

आठवड्याने तिचा फोन आला. तिथे म्हणे बाहेरून आलेल्या प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेतलं गाणं मुलांना शिकवायचं असतं. बाईसाहेबांना एक येईल तर शपथ.

"आजोबा, कुछ बता दीजिए ना."

"मराठीत माग."

मग हळूच, "आजोबा, मला काहीतरी शिकवा ना."

गाणी मला कुठली येणार? शाळेत तालावर घोकलेला बेचा पाढा दिला. नेपाळी पोरं तोच रोज गाऊ लागली.

परतल्यावर नात दारातच म्हणाली, "आजोबा, अब तीन का पहाड़ा सिखाइए."

मी म्हटलं, "मराठीत माग."