सीट नंबर एकसष्ट-बासष्ट

युरोपचा रेल्वे-पास हाती आला आणि त्यावर सीट नंबरच नाही हे पाहून आमच्या यांचा चेहरा उतरला. भिलाईच्या प्लांटमध्ये नोकरी झालेला माणूस. दुर्गहून नागपूरला जायचं तरी दोन महिने आधी रिझर्वेशन. नुसता पास घेऊन गाडीत चढणं म्हणजे यांना आमंत्रणाशिवाय पंगतीत बसणं वाटायचं.

"बाबा, स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या गाडीले रिझर्वेशन लागतच नाही," तिकडे राहणाऱ्या लेकीनं फोनवर सांगितलं.

"लागत नसन, पण भेटते ना?" म्हणत यांनी सेक्टर दोनमधल्या घरी बसूनच दोन सीट पक्क्या केल्या.

गाडीत चढलो तर सारा डबा रिकामा. एकच म्हातारी डोळे मिटून बसलेली, तीही नेमकी आमच्या एकसष्ट नंबरवर.

"झोपू द्या तिले," मी म्हटलं. पण यांनी तिला उठवून प्रिंटआउट दाखवला. ती बिचारी हसली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन पुन्हा झोपली.

आम्ही हक्काच्या जागेवर बसलो. तिथं खिडकी नव्हती, दोन खिडक्यांमधली भिंत होती. पलीकडून तळी आणि बर्फाचे डोंगर जाऊन राहिले होते.

"चला न तिकडे!"

"टीसी आला तर काय सांगाचं?"

तीन तास मी ती राखाडी भिंत पाहिली.

परतल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, "कैसा लगा स्वित्झर्लंड?"

हे छाती फुगवून म्हणाले, "सब कन्फर्म था."