कॅशियर सायबांची डुलकी

पोलादपूरच्या एका बँकेत मी झाडू मारायचो, चहापाणी बघायचो. शाळेत गेलो नाय, पण थट्टा करायला शाळा कुठं लागते? चहाबरोबर एक टोमणा सोडायचा. लोक हसले की मीच मॅनेजर.

आमचे कॅशियर सायब महाडवरनं यायचे. उमरठकडच्या म्हाताऱ्या पेन्शनीला आल्या की जेवणाची वेळ झाली तरी खिडकी बंद करायचे नायत. अडीचची यष्टी चुकली तर म्हातारी घरी जाणार कशी? शेवटची गेली की तीन वाजता दोन घास खायचे, आणि खुर्चीतच दहा मिनिटं डुलकी.

एकदा वरच्या ऑफिसातले मोठे सायब येणार होते. चांगलं काम करणाऱ्याला शाल आणि बक्षीस. मॅनेजर मॅडम मला म्हणाल्या, "मामा, ते तुम्हालाही विचारतील. कॅशियरांचं नीट सांगा हं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी शाबासकी दिली नाही."

चहा ठेवताना मोठ्या सायबांनी विचारलंच, "काय मामा, कॅशियर कसे आहेत?"

म्हाताऱ्यांचं सांगायचं सोडून मी म्हणालो, "जाम शांत हायत. तीन वाजता त्यांचं घोरणं आयकून आमी घड्याळ लावतो."

सगळे खो खो हसले. मोठ्या सायबांनी डोळे पुसले आणि कागदावर कायतरी लिहिलं. मला येड्याला वाटलं, माझंच कौतुक लिहितायत.

शाल गेली आमच्याच बँकेतल्या, विम्याचे कागद खपवणाऱ्या ऑफिसरला. कॅशियर सायबांना ताकीद आली, कामाच्या वेळेत झोपल्याची. ते माझ्यावर रागावले नायत. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ठोक्याला खिडकी बंद. म्हातारी काच वाजवत माझ्यावर खेकसली, "काय रे मेल्या, तुझ्या सायबाला झालं काय?"

मी आत गेलो. "सायब, तिची यष्टी जाईल."

"वेळेवर जेवून घेतो, मामा. नाहीतर परत झोप लागायची."

पुढं त्यांनीच बदली मागून घेतली, कशेडी घाटापलीकडं. निरोपाच्या दिवशी मी बोलायला उभा राहिलो. हा माणूस उपाशी राहून दमायचा, ते मी मुद्दाम गिळलं, हे सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं होतं.

"कॅशियर सायब..." एवढंच म्हणालो, तर सगळे हसायला लागले. हात जोडले, तर आणखी हसले. एकटे सायबच हसले नायत. माझ्याकडं बघत वाट बघत राहिले.

मी खाली बसलो.