नजरेनं लावलेला टीव्ही

आमच्या ह्यांना, म्हणजे गोपाळना, पेणमध्ये टीव्हीचा डॉक्टर म्हणतात. आता टीव्ही दुरुस्त करून घेतो कोण? बिघडला की लोक नवा आणतात. डब्या टीव्हीच्या काळात रामवाडीतल्या आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, आता तिथे मी बसून रिमोट आणि वायरी विकते. पण ह्यांचं एक काम टिकून आहे. नव्या टीव्हीचं चित्र लावून द्यायला लोक अजून ह्यांनाच बोलावतात.

दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्ही भडक करून ठेवलेला असतो. तोच घरी आला की गवत पोपटी आणि बातम्या देणारी बाई उन्हात भाजल्यासारखी लालभडक. मग हे जातात. घरातली माणसं ज्या वेळी टीव्ही बघतात त्याच वेळी जायचं, आणि दिवेही तेच लावायचे, हा ह्यांचा नियम. आधी भडकपणा उतरवतात. मग अंधार इतकाच ठेवतात की काळ्या केसांतली बटन् बट दिसली पाहिजे. शेवटी पांढरा. पांढरा जमला की बाकीचे रंग आपोआप रांगेला लागतात, असं ह्यांचं म्हणणं. आमचा विराज एकदा म्हणाला, बाबा, ह्यासाठी मोबाइलवर अ‍ॅप आहे. त्यावर हे इतके चिडले की दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत. देवानं मला डोळे दिलेत, म्हणाले.

पेणपासून रोह्यापर्यंत ह्या डोळ्यांवरच ह्यांचं नाव होतं, आणि गेल्या वर्षी त्या नावालाच धक्का बसायला लागला. वरसे गावच्या हेमांगीबाईंचा फोन आला. शिक्षिका आहेत, बोलणं अगदी मऊ. म्हणाल्या, टीव्हीतली सगळी माणसं थंडीनं काकडल्यासारखी निळसर दिसतात हो. ह्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, हल्लीचे पॅनलच भिकार. मग नागोठण्याहून तसाच फोन आला. पुढे एकानं तर ह्यांना न सांगताच अक्षय नावाच्या नव्या पोराला बोलावलं. ते कळलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी म्हटलं, चुकलं असेल एखादं. तर माझ्यावरच उसळले. मीही काही कमी नाही, ताट उचलून आत नेलं.

आता ह्यामागची खरी गोष्ट मला कशी कळली ते ऐका. माहेराहून नवा तांदूळ आला होता, जाईच्या फुलासारखा पांढराशुभ्र. पहिला भात वाढला तर हे म्हणतात, जुना तांदूळ काढलास काय? पिवळा दिसतोय. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी बनियन हातात घेऊन विचारतात, नीळ संपली काय गो? तेव्हा मात्र मला शंका आली. कपाटातला कोरा पांढरा रुमाल काढला, ट्रंकेतला जुना पिवळा पडलेला काढला आणि दोन्ही ह्यांच्यासमोर ठेवले. नवा कुठला ते सांगा, म्हटलं. हे उलटून पालटून बघत राहिले आणि शेवटी हातानं चाचपून ओळखायला लागले.

ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं म्हणजे अडेल बैलाला गाडीला जुंपणं. माझेच डोळे दाखवायचेत म्हणून नेलं आणि तिथे ह्यांनाच खुर्चीत बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, डोळ्यातली काच पिवळी पडलीय, म्हणून ह्यांना सगळं जगच पिवळट दिसतंय. हे हळूच म्हणाले, म्हणून मी निळा वाढवत होतो.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तसे घरी येऊन टीव्हीसमोर बसले. एक डोळा झाकायचा, मग दुसरा, मग परत पहिला. मला हसू आलं, पण ह्यांचं तोंड पाहून गिळलं.

“श्यामला, मी लोकांची घरं निळी करून ठेवली गो,” म्हणाले.

दुसरा डोळा झाला, डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायची परवानगी दिली आणि हे निघाले. फुकटात, ज्या ज्या घरी मागच्या दोन वर्षांत टीव्ही लावला त्या प्रत्येक घरी. मी म्हटलं, मीपण येते. कोणी टाकून बोललं तर उत्तर द्यायला घरचं माणूस बरं. ह्यांनी खिशात मूठभर नवा तांदूळ घेतला. आता नुसत्या नजरेवर भरवसा नाही, म्हणाले, पडद्याशेजारी तांदूळ धरायचा आणि पांढरा जुळवायचा.

कोणीच टाकून बोललं नाही. हेमांगीबाईंनी निळा स्वतःच उतरवला होता, ते सांगताना त्याच जास्त ओशाळल्या. बहुतेकांकडे असंच निघालं. सगळ्यांनी गुपचूप दुरुस्त करून घेतलं होतं आणि ह्यांना वाईट वाटू नये म्हणून कळू दिलं नव्हतं. चहा पिऊन पिऊन माझं पित्त खवळलं, पण ह्यांचा चेहरा घरागणिक सैल होत गेला.

शेवटचं घर रोह्याच्या पुढे, हैबतरावांचं. भात आणि वालाची शेती करणारा म्हातारा, सत्तरी ओलांडलेली. टीव्ही चालू होता आणि तो अजून तसाच निळा, नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा. हे दारातच थबकले. मग आत जाऊन सगळं सांगितलं. चूक माझी होती, म्हणाले, माझेच डोळे गेले होते.

हैबतरावांचा मुलगा सुशील मागे उभा होता, तो हसायला लागला. म्हणाला, मी किती वेळा सांगितलं, टीव्ही निळा दिसतो, पण बाबा ऐकतील तर शपथ. उलट दोन वेळा डोळ्यांच्या शिबिराला जाऊन आले.

“डॉक्टर म्हनला, डोळे बरे हायत,” हैबतराव म्हणाले. “मला वाटलं, डॉक्टरला काय कळत नाय. गोपाळ चुकायचा नाय, म्हंजे माझ्याच डोळ्यात कायतरी हाय.”

ह्यांनी खिशातला तांदूळ तळहातावर घेऊन पडद्याशेजारी धरला आणि दुसऱ्या हातानं रिमोट दाबत राहिले. निळा हळूहळू उतरला. पडद्यावरच्या माणसांच्या तोंडावर रक्त आलं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी आपलं सुशीलला सांगितलं, ऑपरेशन नवीन आहे, अजून औषध चालू आहे.

बघू तरी, म्हणत सुशीलनं रिमोटला हात घातला.

“ठेव तो खाली,” हैबतराव म्हणाले. “गोपाळनं लावलाय.”