वाडीचं पाणी आणि हॉलंडची लेक

आमच्या माडीवर हॉलंडचं एक म्हातारं जोडपं दोन वर्षांसाठी म्हणून राहायला आलं आणि पहिलं वर्ष पुरतं व्हायच्या आतच त्या खोल्या रिकाम्या झाल्या. नव्वदनंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट, जुन्नरची. माझी थोरली मुलगी तेव्हा बालवाडीत जात होती. नवरा एसटीत कंडक्टर. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, घरीच शिकवण्या घ्यायचे.

तो निवृत्त प्लंबर, ती निवृत्त सुईण. तिकडच्या कुठल्याशा सेवाभावी संस्थेनं त्यांना पाठवलं होतं. घाटघरच्या अलीकडे एक वाडी आहे. पावसाळाभर ती ढगात असते आणि एप्रिल लागला की बायका हंडे घेऊन खाली दरीत उतरतात. वाडीच्या वरच्या अंगाला एक झरा होता, पण त्याचं पाणी गुरांनी तुडवलेल्या चिखलात जिरून जायचं. त्यावर बंदिस्त टाकी बांधायची आणि पाइपनं पाणी वाडीत आणायचं, एवढं त्यांचं काम. त्यांना भाषा येत नव्हती म्हणून मला दुभाषी घेतलं.

गावात त्यांना कुणी जागा देईना. घरात नको ते मांस शिजवतील, अशी लोकांना शंका. आमचा नवराही जरा कां कू करायला लागला, तेव्हा सासूबाई त्याच्यावर कडाडल्या, "आपल्याला कुनी उंबऱ्यात उभं करत नव्हतं, ते इसरलास व्हय?" सासूबाईंनी लहानपणी विहिरीपासून लांब उभं राहून, कुणी वरून पाणी ओतेल का म्हणून वाट बघितली होती. छप्पन्न साली आईवडलांबरोबर त्यांनी धर्म बदलला, पण विहिरीजवळचं ते उभं राहणं त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. मला काम मिळालं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पान्याचं काम हाय. जा तू. भाकरीचं मी बगते."

त्या दोघांनी आपल्याला नावानं हाक मारा म्हणून सांगितलं. सासूबाईंना ते पटेना. वयानं मोठ्या माणसांना नावानं कसं बोलवायचं? म्हणून ते आमचे आजी-आजोबा झाले.

आजोबा सकाळी गॅलरीत उभे राहून दाढी करायचे आणि खाली रस्त्यावर पोरांचा घोळका जमायचा. आजीला तिखट चालायचं नाही. सासूबाई तिच्यासाठी बिनमिरचीचं पिठलं करायच्या आणि "आजाऱ्याचं जेवान" म्हणून हसत वाढायच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मुसलमान कुटुंबाची बेकरी होती, तिथले गरम पाव आणायला दोघं हातात हात घालून जायची. म्हातारपणी नवरा-बायको हात धरून बाजारातून चाललीत, याचं लोकांना भारी हसू यायचं. सासूबाई मात्र दारात उभ्या राहून ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायच्या.

वाडीत एक थोरली बाई होती. नवरा गेलेला, वाकलेली, पण तिच्या शब्दाबाहेर वाडीत कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं आजोबांना विचारलं, "पानी देशील ते ठीक हाय. पन मागनं काय घेशील? देव बदलाया लावशील का?" मला भाषांतर करायची लाज वाटली, पण केलं. आजोबा म्हणाले, "देवांचं मला काही कळत नाही. चहा असला तर घेईन." म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवसापासून वाडीतली माणसं दगड वाहायला यायला लागली. आजी झाडाखाली बसून पोरांच्या पायांच्या जखमा धुवायची, मलमपट्टी करायची. तिच्याजवळ बाया येऊन बसायच्या आणि मी नसले तरी त्यांचं आपापसात काहीतरी चाललेलं असायचं.

होळीच्या आसपास एका दुपारी आमच्या घरी फोन वाजला. फोन तेव्हा नवाच होता. हॉलंडचा फोन म्हटल्यावर आजी घाईघाईनं जिना उतरून आली. तिनं ऐकून घेतलं, फार थोडं बोलली, रिसीव्हर नीट ठेवला आणि निवडायला पसरलेल्या गव्हातच खाली बसली. सासूबाईंनी सूप बाजूला सारलं आणि तिचा हात धरला.  मग आजी मला म्हणाली, "माझ्या मुलीला रक्ताचा कॅन्सर झाला आहे."

त्यांना ती एकच मुलगी होती.

मला वाटलं, दोघं त्याच आठवड्यात जातील. पण दुसऱ्या दिवशी आजोबा वाडीला जायला संस्थेच्या जीपमध्ये बसले, तिसऱ्या दिवशीही बसले. आजी त्यांच्या शेजारी बसायची, पण दोघांमध्ये जागा राहायला लागली. आपटाळ्याच्या पुढं चढ सुरू झाला की त्यांचं भांडण सुरू व्हायचं, त्यांच्या भाषेत, हळू आवाजात. मी पुढच्या सीटवर रस्त्याकडे बघत बसायचे. ड्रायव्हर माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचे. मलाही काही कळत नव्हतं.

एका दिवशी बोलता बोलता आजी एकदम इंग्रजीत बोलायला लागली. मला कळावं म्हणूनच. ती म्हणाली, "हा म्हणतो, डॉक्टर आहेत तिथे, जावई आहे, उपचार काही महिने चालतील. पावसाआधी टाकी झाली नाही तर डोंगराची माती खाली येऊन सगळं बुजेल. तू सांग याला. तुझी मुलगी असती तर तू काय केलं असतंस?"

मी मागे वळले. आजोबा खिडकीबाहेर बघत होते.

"मी गेले असते," मी म्हणाले.

वाडी येईपर्यंत आजोबांनी खिडकीवरची नजर काढली नाही. 

आजी एकटी गेली. निघताना सासूबाईंनी तिला शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले आणि तिच्या गालावरून दोन्ही हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. आजोबा तिला मुंबईला विमानावर घालून आले आणि परत कामाला लागले.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. आजोबा खाली आमच्यातच जेवायचे. सासूबाई वाढायच्या, पण त्यांच्याकडे बघायच्या नाहीत. "लेक आजारी आन् बाप दगडं रचतोय," असं भाजी वाढतानाच पुटपुटायच्या, आणि आजोबा माझ्याकडे बघायचे. "त्या म्हणतात, अजून थोडं घ्या," असं मी सांगायचे. आजोबा ताट पुढं करायचे. त्यांना ते खरं वाटत होतं असं नाही.

एकदा झऱ्यावर सिमेंट कालवताना ते आपणहूनच बोलले. "आजारी माणसाजवळ मला बसता येत नाही. माझी आई गेली तेव्हाही मी घराचं छप्पर दुरुस्त करत होतो. खोलीत गेलो की हातांचं काय करावं ते समजत नाही." मग थापी उलटी करून तिची पाठ पुसत राहिले. तेव्हा मला कळलं की पावसाचं, मातीचं, सगळं खरंच होतं, पण त्यासाठी ते थांबले नव्हते. सासूबाईंना हे कसं सांगावं ते मला सुचेना, आणि मी ते सांगितलंही नाही.

मे महिन्यात आजीचा फोन आला. आजोबांनी ऐकला, "हो, हो" म्हणाले, "आता थोडेच दिवस राहिलेत" एवढं मला सांगितलं आणि माडीवर गेले. सकाळी डोळे सुजलेले, तरी जीपमध्ये येऊन बसले. टाकीच्या भिंती उभ्या झाल्या होत्या, पाइप वाडीपर्यंत आला होता. वरचं झाकण तेवढं राहिलं होतं.

थोरल्या बाईनं मला बाजूला घेतलं. "आजी लई दिस झालं येत न्हाई. माझ्या नातीचा पाय तिनंच बरा केला. कुठं हाय ती?"

तोवर वाडीत मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मग सांगितलं. लेक आजारी आहे, आता शेवटाला आलीय, आजी तिकडे आहे.

"आन् ह्यो हितं?"

तिनं डोक्यावरची पाटी उतरवली, दगड तिथंच ओतले आणि सरळ आजोबांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तू घरी जा," ती म्हणाली. "आमी आज्या-पंज्यापासनं दरीतनं पानी आनतोय. आनखी एक साल आनू. तुजी लेक एक साल थांबनार हाय का?"

मी भाषांतर केलं. आजोबा म्हणाले, "तिला सांग, झाकण राहिलंय."

"झाकान आमी घालू. जा तू."

आजोबा थापी हातात धरून उभेच राहिले. म्हातारीनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. तेव्हा ते खाली बसले आणि रडले. वाडीतली माणसं काम थांबवून दुसरीकडे बघत उभी राहिली. एवढा मोठा, गोरा माणूस रडताना त्यांनी कधी बघितला नव्हता.

ते त्याच संध्याकाळी मुंबईला निघाले. पोचले तेव्हा मुलगी जिवंत होती, पण डोळे उघडत नव्हती. दोन दिवसांनी ती गेली. हे आजीनं मला नंतर फोनवर सांगितलं. आजोबांचं तिनं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माडीवरचं त्यांचं सामान संस्थेची माणसं येऊन घेऊन गेली.

वाडीतल्या लोकांनी फरश्या टाकून झाकण घातलं. त्या पावसात एका बाजूनं ते खचलं आणि टाकीत चिखल गेला. पुढच्या हिवाळ्यात संस्थेनं दुसरी माणसं पाठवली, त्यांनी ते दुरुस्त केलं. तेव्हापासून उन्हाळ्यातही नळाला पाणी येतं. मेच्या शेवटी बारीक होतं, पण येतं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर ती दोघं एकदा आली. आमच्याकडेच उतरली. आजोबा खूप वाळले होते. दुसऱ्या दिवशी ते माझ्या नवऱ्याबरोबर वाडीला निघाले, तेव्हा आजी उठलीच नाही.

"तुम्ही नाही जाणार?" मी विचारलं.

"तिथे पाणी आलं याचा मला आनंद आहे," ती म्हणाली. "पण मला ते बघायचं नाही."

दिवसभर ती सासूबाईंच्या खाटेजवळ बसली. सासूबाईंना तेव्हा दिसत नव्हतं. त्यांनी हातानं चाचपून आजीचं तोंड ओळखलं आणि मला म्हणाल्या, "इचार तिला, नवऱ्यासंगं बोलती का?"

आजी म्हणाली, "बोलतो ना. हवा कशी आहे, औषध घेतलं का, असं. मुलीबद्दल तो बोलत नाही. मीही बोलत नाही."

"मग तूच काड इषय. त्याला न्हाई काडता येनार. त्या मानसाच्या तोंडात शब्दच न्हाईत."

मी सांगितलं. आजीनं मान हलवली, पण ती होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही.

दिवेलागणीला आजोबा आले. थोरली बाई दोन वर्षांपूर्वी वारली, असं त्यांनी मला सांगितलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. आजी त्यांच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं ती काहीतरी बोलली. त्यांच्या भाषेत, सावकाश. त्यात लेकीचं नाव मला ओळखू आलं. मग त्यांचाही आवाज आला, एकेक शब्द, मध्येच अडखळत.

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनत्यात गं?"

"मला त्यांची भाषा येत नाही, आत्या."

"भांडत्यात का?"

"नाही तसं वाटत."

"मग दार लोटून घे," त्या म्हणाल्या. मी दार लोटलं आणि भाकरी टाकायला आत गेले.