समदी आली का?

शिट्टीदादाला हळू बोलता येत नसे. जन्मभर खाणीत सुरुंग पेटवून त्याचे कान गेले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नसणार, अशी त्याची पक्की समजूत होती. निवडणुकीच्या दिवसांत तो मला खांद्याला धरून बाजूला न्यायचा, इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, "फिटर, ही गोष्ट आपल्या दोघांत ऱ्हाऊ दे." ती गोष्ट टेकाडावर मालकाच्या बंगल्यात चहा पीत बसलेल्या पाहुण्यांनाही कळायची.

मी त्या खाणीच्या खडीयंत्रावर फिटर होतो. पौड रस्ता सोडून कासार आंबोलीच्या अलीकडे आत वळलं की ती लागे. आमच्या खोपट्या खाणीच्या पोटातच होत्या. मागे सरळ कडा, एका अंगाला जुन्या खोदाईत साचलेलं खोल हिरवं पाणी आणि बाहेर पडायला एकच गाडीवाट, तीही कड्याखालून. खोपट्यांखालची जमीन मालकाची, विहीर मालकाची, विहिरीवरचा दोरसुद्धा मालकाचा. आम्ही संप केला तेव्हा तो कुणाला एक शब्द बोलला नाही, त्यानं फक्त दोर काढून नेला. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोरांच्या आया आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती अजून आठवते. संप मोडला.

सुरुंग पेटवण्याआधी दादा गळ्यातली पितळी शिट्टी फुंकायचा. वडार असोत, डोंगरवाडीची माणसं असोत की आम्ही गावातले, सगळ्यांनी हातातलं टाकून खोपट्यांमागच्या कपारीत जमायचं. मग तो ओरडायचा, "समदी आली का?" उत्तर त्याला ऐकू यायचं नाही म्हणून दगड फोडणारी ठकूबाई दोन्ही हात वर करायची. मगच वात पेटे. सुरुंग किती उडाले हे तो तळपायाला बसणाऱ्या हादऱ्यांवरून ओळखायचा, आणि सगळे उडाले की वाट मोकळी झाल्याची दुसरी शिट्टी द्यायचा. एखादा न उडता राहिला तर तो मुका सुरुंग, मागाहून केव्हाही उडणारा, आणि त्या दिवशी त्या कड्याखालून कुणी जायचं नाही, हा त्याचा नियम. त्याचा धाकटा भाऊ अशीच घाई करून कड्याखाली गेला आणि मेला होता.

पक्ष हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठी पडायची. युनियननं युनियनचं बघावं, राजकारणाच्या चिखलात कशाला उतरायचं, असं मी त्याला सांगायचो. तो उखडायचा. "मजुरी वाढवाया युनियन पुरती. पर पायाखालची जिमीन युनियन कुटनं देनार? मागल्या टायमाला काय केलंत? वडारांची मतं येकाला, वाडीवाल्यांची दुसऱ्याला, तुमी गावकीत. सुरुंग लागल्याव चौघं चार दिशेनं पळाली तर काय हुतं, म्हाईत हाय न्हवं?" शेजारच्या सरकारी गायरानावर आम्हाला घरांना जागा हवी होती. एका पक्षानं त्यासाठी भांडायचं कबूल केलं होतं. समोर उभा होता मालकाचा मेव्हणा. दादानं घरोघर फिरून, देवाची आण घालून, सगळ्यांना एका मताला आणलं. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मतदानाच्या दिवशी मालकानं सकाळचं काम लावलं, दुपारी मोकळे. आम्ही म्हणालो, जमेल तसे एकेक जाऊन येतो. दादानं ते मोडून काढलं. "येकेकटं गावलात की त्याची जीप उचलतीया. सुरुंग उडाला की समदी मिळून जाऊ." इथंच तो चुकला. दुपारी शिट्टी झाली, आम्ही धुतलेले कपडे घालून कपारीत उभे राहिलो, धडाके झाले. दादा तळपाय जमिनीला लावून तसाच उभा राहिला. मग त्यानं लाल फडकं वर केलं. एक मुका होता.

आम्ही आत अडकलो. बाहेरच्या रस्त्यावरून मेव्हण्याचा कर्णा ऐकू येत होता. गावातल्या शाळेत मतदान चालू होतं आणि ऊन उतरत चाललं होतं. ठकूबाई त्याच्या पायाशी गेली. "दादा, फुक की शिट्टी. येक दिस मोड तुजा नियम. पळत जातो आमी." त्यानं तिच्या ओठांकडे बघून सगळं ओळखलं. शिट्टी तोंडाशी नेली आणि परत खाली सोडली. "मत पुना येतंय, ठके," तो म्हणाला. तेवढं एकच वाक्य मी त्याच्या तोंडून हळू ऐकलं. शाळेतून पेट्या नेणारी गाडी दिसेपर्यंत आम्ही तिथंच होतो. सगळे एका बाजूला, त्यानं शिकवलं तसे. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

मेव्हणा निवडून आला. गायरानाचं नाव निघेना, आणि मालकानं दादाला खोपटं खाली करायला सांगितलं. पोरं संपाला तयार होती, त्यानंच अडवलं. "दोर काढंल त्यो." बायको, एक ट्रंक आणि एक घागर घेऊन तो कोळवणकडे, बायकोच्या माहेरी निघाला. जाताना शिट्टी त्यानं ठकूबाईच्या गळ्यात घातली.

पुढच्या निवडणुकीला ठकूबाईनं आदल्या दिवशी कड्याला सुरुंगाचं भोक पाडू दिलं नाही. मालक बराच तडतडला. उजाडताना तिनं शिट्टी फुंकली आणि आम्ही सगळे मिळून त्या कड्याखालून चालत गेलो. माझी नजर सारखी वर कड्याकडे जात होती. आमचा माणूस निवडून आला. खेटे घालून घालून गायरान मिळालं, आमच्या भिंती उभ्या राहिल्या.

मग एकदा दादा आला. पार थकलेला, आता ढिम्म ऐकू येत नव्हतं. माझ्या ओट्यावर बसून नव्या घरांकडे बघत होता. ठकूबाईला राहवेना, तिनं त्याच्या पाठीमागे शिट्टी फुंकली. तो हलला नाही. पण घराघरांतून माणसं बाहेर आली, हातातलं टाकून, आणि सवयीनं एका बाजूला गोळा झाली. ते बघून तो ताडकन उठला, धडपडत आमच्यात येऊन उभा राहिला आणि पूर्वीसारखाच ओरडला, "समदी आली का?"

ठकूबाईनं दोन्ही हात वर केले. "आली, दादा," ती म्हणाली, "तूच तेवढा ऱ्हायला हुतास." ते त्याला ऐकू आलं नाही.